खोली भाड्याने द्या, जमीन राखा



स्कॉटलंडच्या उत्तरेला खडकाळ समुद्रकाठी बेटीहिल नावाचे गाव आहे. १८१४ व १८१९ साली मेंढ्यांच्या कुरणांसाठी स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातली कुळे हुसकली गेली. त्यांतली काही इथे वसली. १८८६ च्या कायद्याने अशा लहान कुळांना आधार मिळाला. खंड भरत राहिल्यास त्यांना जमिनीवरून काढता येईना, शिवाय वारसहक्कही आला.

आज त्या किनाऱ्यावर काही कुटुंबे जोडधंदा म्हणून घर आठवड्याच्या बोलीने पाहुण्यांना देतात. त्यासाठी आता परवाना लागतो. धुराचा इशारा देणारी घंटा व विमा सक्तीचा आहे.

आपल्याकडे कृषी पर्यटन करू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : खोली खुशाल भाड्याने द्या, सातबारा मात्र हातचा सोडू नका.