नवी विद्या व कारागिरांच्या परिषदा

शिकणें केव्हां संपतें, असा प्रश्न केला असतां आपल्याकडे बहुधा एकच उत्तर मिळतें : परीक्षा पास झाली, प्रमाणपत्र हातीं आलें, नोकरी लागली, कीं शिकणें संपलें. हें उत्तर कोणत्याही धंद्यांत फारसें खरें नाहीं. परंतु संगणकावर संकेतस्थळें बांधण्याच्या ज्या धंद्यांत आज आपल्या शाळेचे पुष्कळ माजी विद्यार्थी आहेत, व ज्यांत आम्हीही कांहीं वर्षें काढिलीं आहेत, त्यांत तर तें सर्वस्वी खोटें आहे. या कारागिरास वेब डेव्हलपर असें म्हणतात. त्यानें नवी विद्या कशी निवडावी, आणि व्यवसायबंधूंच्या ज्या परिषदा ठिकठिकाणीं भरतात त्यांपासून काय घ्यावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे. वरच्या वर्गांतील जे विद्यार्थी या मार्गानें जाऊं इच्छितात त्यांस ते उपयोगी पडतील अशी आमची आशा आहे.

हा धंदा वयानें लहान आहे. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत वेबची मूळ योजना १९८९ सालीं मांडली, आणि त्या संस्थेनें ३० एप्रिल १९९३ रोजीं ती विद्या सर्व जगास विनामूल्य खुली करून दिली. तेव्हांपासून साधनांची जी रीघ लागली ती थांबलेली नाहीं. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्यें आली. तिच्या आधारें २००६ मध्यें जेक्वेरी व २०१३ मध्यें रिअ‍ॅक्ट हीं साधनें लोकांपुढें आलीं, आणि प्रत्येक वेळीं जुन्यावर हात बसलेल्या कारागिरास पुन्हां पाटीवर श्रीगणेशा गिरवावा लागला. फ्लॅश नांवाच्या साधनावर एके काळीं कित्येकांचा चरितार्थ चालत असे. परंतु अ‍ॅडोबी कंपनीनें ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्याचा आधार काढून घेतला, आणि तें कौशल्य निरुपयोगी झालें. अशा स्थितींत नवशिक्याच्या मनांत धास्ती उत्पन्न होते यांत नवल नाहीं. आज हें, उद्यां तें, असें करतां करतां तो दहा पाठमाला आरंभितो व एकही तडीस नेत नाहीं.

आमच्या मतें या धास्तीवर उपाय एकच, व तो म्हणजे मूळ व फांदी यांतील भेद ओळखणें. सर्न येथें एचटीएमएल भाषेंत लिहिलेलें अगदीं आरंभींचें वेबपान आजच्या ब्राउझरांतही उघडतें व नीट वाचतां येतें. त्याच्या मागून आलेलीं किती तरी साधनें मात्र लयास गेलीं. पानाचा सांगाडा मांडणारी एचटीएमएल, त्यास रूप देणारी सीएसएस, त्यांत हालचाल आणणारी जावास्क्रिप्ट, आणि ब्राउझर व सर्व्हर यांच्यांत चालणारा निरोपांचा व्यवहार, हीं या विद्येचीं मुळें होत. हीं पक्कीं असलीं म्हणजे फांदी कोणतीही येवो, ती थोड्या दिवसांत आटोक्यांत येते.

मूळ सोडून फांदीस लोंबकळण्यानें काय होतें, त्याचें एक उदाहरण देतों. पानावर बटण हवें असतां बटणाचीच खूण न वापरतां कित्येक जण नुसती रंगीत चौकट काढितात. डोळस मनुष्यास ती बटणच भासते. परंतु जो अंध आहे व ज्यास संगणक पान वाचून दाखवितो, त्यास तेथें बटण आहे हें कळतच नाहीं, व कळफलकावरून तें दाबतांही येत नाहीं. परीक्षेचा अर्ज भरणारा अंध विद्यार्थी अशा ठिकाणीं अडला, तर त्याचें वर्ष बुडूं शकतें. अशा वाचकांची सोय कशी करावी याचे नियम वेबच्या जागतिक संघानें १९९९ सालींच प्रसिद्ध केले आहेत. ते कोणास मिळत नाहींत असें नाहीं. घाईच्या शिक्षणांतून ते सुटतात.

शिवाय, शिकावें तें करून. दुसऱ्याचें काम चित्रफितींत पाहिल्यानें समजल्याचा भास होतो, पण हात कोराच राहतो. शाळेच्या ग्रंथालयाची यादी, गांवच्या एसटीचें वेळापत्रक, असें एखादें लहानसें पण खरोखर कोणाच्या उपयोगीं पडणारें काम हातीं घ्यावें. तें जेथें अडेल तेथें जें शोधून काढावें लागतें, तेंच पक्कें शिकणें होय.

आतां परिषदांकडे वळूं. वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद सर्न येथेंच मे १९९४ मध्यें भरली, व तीस सुमारें ३८० लोक जमले होते. पुढें अशा परिषदा जगभर भरूं लागल्या. आपल्या पुण्यासही २०११ सालीं पायथॉन भाषेच्या कारागिरांची पायकॉन इंडिया ही परिषद झाली. पुष्कळ परिषदांतील व्याख्यानें मागाहून घरबसल्या फुकट पाहतां येतात. मग प्रवासाचा व शुल्काचा खर्च कां करावा, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्ध्यापुरता खरा आहे. केवळ व्याख्यान ऐकावयाचें असेल तर घरीं बसावें हेंच बरें. परंतु आमचा अनुभव असा आहे कीं, परिषदेचा खरा लाभ व्याख्यानगृहाबाहेर, चहाच्या रांगेंत होतो. ज्या अडचणीशीं आपण आठवडेच्या आठवडे एकटे झुंजत असतों, ती दुसऱ्या गांवच्या कारागिरानें कशी सोडविली हें तो दहा मिनिटांत सांगतो. आणि आपणांसही ती सुटली नाहीं असें तो म्हणाला, तरी केवढा धीर येतो!

दुसरा लाभ थोरांच्या प्रांजळपणाचा. रायन डाल यांनीं २००९ सालीं बर्लिनच्या जेएसकॉन्फ परिषदेंत नोड हें आपलें साधन मांडून दाखविलें, व तें पुढें जगभर वापरांत आलें. तरीही २०१८ मध्यें त्याच परिषदेच्या व्यासपीठावरून, नोडसंबंधींच्या कोणत्या दहा गोष्टींची आपणांस खंत वाटते, हें त्यांनीं उघड सांगितलें. कर्ताच आपल्या कृतीचे दोष असे दाखवितो, तेव्हां कोणतेंही साधन डोळे झांकून पूजिण्याचें कारण उरत नाहीं.

तथापि परिषद म्हणजे जत्रा नव्हे. कंपन्या तेथें आपला माल खपविण्यासही येतात, आणि फुकटचे टीशर्ट व स्टिकर पिशवींत भरून परतणारेही थोडे नसतात. ऐकावें जनाचें, करावें मनाचें, ही म्हण येथें पुरती लागू पडते. जातांना स्वतःचा एक प्रश्न लिहून न्यावा, व परतल्यावर आठवड्याच्या आंत एक तरी गोष्ट करून पाहावी.

कोणी म्हणतील, २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून यंत्रच प्रोग्रॅम लिहूं लागलें आहे. आतां शिकावें तरी कशास? यंत्रानें लिहिलेलें बरोबर कीं चूक, हें पारखण्यास जाणता मनुष्य हवाच. वर सांगितलेली रंगीत चौकट यंत्रही काढून देऊं शकतें. तेथें अंध विद्यार्थी अडेल हें ओळखणारा मात्र मुळें शिकलेलाच असला पाहिजे.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट बोलणें अवश्य आहे. परिषदेचें शुल्क व मोठ्या शहरांतील राहण्याचा खर्च खेड्यांतून आलेल्या पुष्कळ मुलांस परवडत नाहीं. नवें कौशल्य मागणारे कित्येक मालक तें शिकण्यास वेळ व पैसा देण्याची वेळ आली म्हणजे तो ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न समजतात. हें न्याय्य नव्हे. ज्या कौशल्याचा नफा मालकास मिळतो, त्याच्या शिक्षणाचा कांहीं भार त्यानें उचललाच पाहिजे. आणि ज्यांस जाण्याची संधि मिळाली, त्यांनीं मागें राहिलेल्यांस विसरूं नये. आपल्या शाळेंत संगणकांची खोली आहे. महिन्यांतून एका शनिवारीं माजी विद्यार्थ्यांपैकीं कोणी तरी तेथें यावें, आपण काय पाहिलें व शिकलों तें सांगावें, आणि मुलांच्या हातून लहानसें काम करून घ्यावें, अशी आमची सूचना आहे. जी विद्या आरंभींच विनामूल्य दिली गेली, तिच्याभोंवतीं पैशाचें कुंपण घालणें आपणांस शोभत नाहीं. पहिल्या शनिवारीं येण्यास आम्ही तयार आहों.