विश्लेषण : गाडी विकली, चावी दिली, तरीही मालक तुम्हीच कसे?

जुनी दुचाकी किंवा मोटार विकताना बहुतेकांचा व्यवहार तीन गोष्टींत संपतो. पैसे मिळाले, चावी दिली आणि कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सह्या केल्या. आरटीओतील नाव बदलण्याचे काम ‘घेणारा करून घेईल’ यावर सोडले जाते. वर्ष-दोन वर्षांनी विकलेल्या गाडीचे ई-चलन आपल्याच मोबाइलवर येते, तेव्हा नाव बदललेलेच नाही हे कळते. चलन हा तर यातला सर्वांत स्वस्त धोका. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या मोटारीत स्फोट झाला, ती हरियाणात नोंदलेली आणि अनेक हातांतून गेलेली होती. तपास यंत्रणांना आधी गाडी विकून मोकळ्या झालेल्या जुन्या मालकापर्यंत जावे लागले आणि तिथून पुढची साखळी शोधावी लागली.

कायद्याच्या नजरेत मालक कोण?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम २(३०) नुसार, ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक. मालक अल्पवयीन असल्यास त्याचा पालक आणि कर्ज किंवा भाडेकराराने घेतलेल्या वाहनाबाबत ज्याच्या ताब्यात वाहन आहे ती व्यक्ती मालक ठरते. पैसे कोणी मोजले किंवा गाडी कोणाच्या दारात उभी आहे, यापेक्षा आरटीओच्या नोंदीला महत्त्व आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात हीच बाब स्पष्ट केली. त्या प्रकरणात मूळ मालकाने मोटार २००७ मध्येच विकली होती. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ मध्ये त्या मोटारीच्या अपघातात एकाचा मृत्यू झाला. गाडी आपण केव्हाच विकली, हा मूळ मालकाचा बचाव उच्च न्यायालयाने मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन सदस्यांच्या खंडपीठाने मात्र तो फेटाळला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. नोंद न झालेल्या व्यवहारांची साखळी शोधत फिरण्याची वेळ अपघातग्रस्तांवर येऊ नये, हा त्यामागचा विचार.

कोणकोणती जबाबदारी अंगावर येऊ शकते?

पहिली अपघाताच्या भरपाईची. गाडीला चालू विमा असेल तर ती रक्कम विमा कंपनी देते. पण नव्या मालकाने विम्याचे नूतनीकरणच केले नसेल, तर वसुली नोंदणीकृत मालकाच्या खिशातून होऊ शकते. दुसरी अल्पवयीन चालकाची. कलम १९९(अ) नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्यातून सुटण्यासाठी आपल्याला माहिती नव्हती, हे सिद्ध करणे त्यांच्यावर असते. तिसरी चौकशीची. वाहन गुन्ह्यात वापरले गेल्यास चालक कोण होता, याची माहिती देण्याचे बंधन कलम १३३ ने मालकावर घातले आहे. निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा फौजदारी गुन्हा मात्र चालकावरच दाखल होतो.

कोणी, किती दिवसांत काय करायचे?

कलम ५० नुसार दोघांवरही जबाबदारी आहे. वाहन राज्यातच विकले असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे. त्यासाठी फॉर्म २९ दोन प्रतींत असतो. वाहन परराज्यात जाणार असेल तर ही मुदत ४५ दिवसांची आहे आणि फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र लागते. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या भागातील आरटीओकडे अर्ज करायचा. हस्तांतरणाचा मुख्य अर्ज म्हणजे फॉर्म ३०. सोबत आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि पॅन किंवा फॉर्म ६० जोडावा लागतो.

केंद्रीय नियमांनुसार हस्तांतरणाचे शुल्क नोंदणी शुल्काच्या निम्मे, म्हणजे दुचाकीला १५० रुपये आणि खासगी मोटारीला ३०० रुपये आहे. स्मार्ट कार्डचे २०० रुपये वेगळे. अर्ज परिवहन संकेतस्थळावर करता येतो. त्यासाठी चासी क्रमांकाचे शेवटचे पाच अंक आणि ओटीपी लागतो.

मग काम अडते कुठे?

खरी अडचण हितसंबंधांची आहे. नाव बदलले नाही तर धोका विकणाऱ्याला, पण अर्ज पुढे नेणे घेणाऱ्याच्या हातात. त्याला गाडी मिळालेली असते, त्यामुळे घाई नसते. गाड्यांचा व्यापारी मध्ये असेल तर गुंता वाढतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन तो पुढचे गिऱ्हाईक येईपर्यंत गाडी जुन्याच मालकाच्या नावावर ठेवतो. मधल्या काळात गाडी कोण, कुठे फिरवतो, हे मालकाला कळतही नाही.

ही फट बुजवण्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून पाच वर्षांचे अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९-सी द्वारे ऑनलाइन सूचना दिली की तेव्हापासून तो मानीव मालक ठरतो. त्या काळातील जबाबदारी त्याची. ओळखीतल्या, थेट व्यवहारांना मात्र ही सोय नाही.

याशिवाय कर्जाचा बोजा उतरवला नसेल, तर बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ लागतो. जुना मोबाइल क्रमांक बंद झाला असेल तर ओटीपीपाशीच अर्ज थांबतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना राज्यात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची आहे. ती नसेल तर हस्तांतरण, पत्ता बदल, बोजा उतरवणे ही कामे थांबवण्याची भूमिका परिवहन विभागाने घेतली आहे.

विम्याचे काय होते?

कलम १५७ नुसार वाहनासोबत त्रयस्थ व्यक्तीच्या भरपाईचे विमा संरक्षण नव्या मालकाकडे जाते. त्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचे असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. म्हणजे पॉलिसी नावावर न करता गाडी ठोकली, तर दुरुस्तीचा खर्च घेणाऱ्याच्या माथी पडू शकतो. ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. विकणाऱ्याने तो आपल्या पुढच्या गाडीसाठी राखून घ्यावा.

मालकाचा मृत्यू झाला असेल तर?

वारसाने ३० दिवसांत आरटीओला मृत्यूची माहिती द्यावी. तशी माहिती दिल्यास मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने वाहन वापरता येते आणि त्याच मुदतीत फॉर्म ३१ भरून ते नावावर करून घ्यायचे असते. वडिलांच्या पश्चात त्यांची स्कूटर वर्षानुवर्षे तशीच चालवणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे.

विकणाऱ्याने काय काळजी घ्यावी?

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. खरेदीदाराचे नाव, पत्ता, तारीख भरलेलीच असू द्या. ताबा पावतीवर दिवसासोबत वेळही लिहा आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. रक्कम शक्यतो बँकेतून घ्या. फॉर्म २९ स्वतः सादर करून पोच जपून ठेवा. मात्र या कागदांनी फक्त व्यवहार सिद्ध करता येतो. नोंदीतील नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच. म्हणून शक्य असल्यास काही रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवण्याऐवजी उलट करा : अर्ज दाखल झाल्यावरच चावी द्या. महिनाभराने एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहा. तिथे नाव पूर्ण दिसत नसले, तरी ते तुमचे आहे की दुसऱ्याचे, एवढे अक्षरांवरून ओळखता येते. तुमचेच दिसले, तर तुमची विक्री अजून पूर्ण झालेली नाही.