कानातील नळी आणि भुलीची भीती

मधुमेहामुळे चिघळलेली पायाची जखम भरून येत नसेल, तर काही रुग्णांना हायपरबॅरिक ऑक्सिजन उपचार सुचविले जातात. बंद कक्षात वातावरणाच्या साधारण २ ते २.५ पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला जातो. अशा बहुधा ३० ते ४० बैठका होतात.

माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीतील एका आजोबांनी तिसऱ्याच बैठकीनंतर उपचार सोडण्याचे ठरविले. कारण पाय नव्हे, कान! कक्षातील दाब वाढला की पडद्यामागील पोकळीतही हवा पोहोचावी लागते. आवंढा गिळून ती पोहोचली नाही, तर पडदा आत ओढला जातो, दडे बसतात आणि तीव्र वेदना होतात. यावर पडद्यात ग्रोमेट ही इवलीशी नळी बसवितात. ते ऐकताच घरची मंडळी धास्तावली : ‘या वयात पूर्ण भूल सोसवेल का?’

प्रौढांमध्ये बहुधा तिची गरजच पडत नाही. पडद्यावर औषध लावून किंवा कानाच्या नलिकेत बारीक इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करता येतो. काम थोड्या मिनिटांचे असते. यंत्राचा मोठा आवाज येतो, क्वचित काही वेळ चक्कर येते. म्हणून सोबत कोणीतरी असावे. पूर्ण भुलीसाठी मात्र उपाशी राहावे लागते, इन्सुलिनची मात्रा बदलावी लागते, हृदय व फुप्फुसांची तपासणी लागते आणि नंतर वृद्धांना काही काळ भ्रमही होऊ शकतो.

तरीही स्मृतिभ्रंश, हातापायांचा कंप किंवा अतिशय भीती यांमुळे रुग्ण स्थिर पडून राहू शकत नसेल, तर गुंगीचे औषध किंवा पूर्ण भूल हाच सुरक्षित मार्ग ठरतो. हलत्या डोक्यावर बळजबरीने काम करणे धोक्याचे.

म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांना आधीच विचारा : केवळ कान बधिर करून भागेल का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे काय करावे? त्या स्वतःहून बंद करू नका. नळी असेपर्यंत कानात पाणी जाऊ देऊ नका. कान वाहू लागल्यास त्वरित दाखवा.

आजोबांचा कान बधिर करून नळी बसविली आणि बैठका पुन्हा सुरू झाल्या. कानाच्या दुखण्यापायी पायावरचा उपचार अर्धवट राहू नये, एवढेच सांगणे.