माइक तोच, मग खरखर कुठून? गोंदियातल्या कॉर्डलेस माइकमागचं फ्रिक्वेन्सीचं गणित

दिवाळी सरली की गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मंडईचे दिवस सुरू होतात. पुढे शंकरपट भरतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगतं. वडसा म्हणजे देसाईगंज इथल्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतात. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडची यात्रा असते. या सगळ्या ठिकाणी एक वस्तू हमखास दिसते, ती म्हणजे कॉर्डलेस माइक.

ऐन रंगात आलेल्या प्रवेशात हा माइक खरखरला, मध्येच बंद पडला, तर बोलणी साउंडवाल्याला बसतात. मग बॅटरी बदलली जाते, माइकवर टिचक्या मारल्या जातात, शेवटी नवा माइक मागवला जातो. पण बिघाड माइकमध्ये नसून तो ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतो तिथे असू शकतो. ती फ्रिक्वेन्सी कदाचित आता दुसऱ्या कुणाला दिलेली असेल. आणि तसं असेल तर प्रश्न फक्त आवाजाचा राहत नाही, तो कायद्याचा आणि गावच्या मोबाइल नेटवर्कचाही होतो.

हे नेमकं काय प्रकरण आहे, ते समजून घेऊया.

कॉर्डलेस माइक म्हणजे छोटं रेडिओ स्टेशन

तार असलेल्या माइकमधून आवाज तारेनं मिक्सरपर्यंत जातो. कॉर्डलेस माइकमध्ये तारेची जागा रेडिओ लहरी घेतात. माइकमध्ये एक छोटा ट्रान्समीटर असतो आणि मिक्सरजवळ रिसिव्हर. दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर जुळलेले असतात. ही फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये मोजतात.

याच हवेतून मोबाइल, टीव्ही, एफएम, पोलिसांचे वायरलेस संच आणि विमानांचं संभाषणही चाललेलं असतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघं बोलायला लागले की गोंधळ होतो. म्हणून कोणती फ्रिक्वेन्सी कुणी वापरायची, हे देशपातळीवर ठरवलेलं असतं. भारतात हे काम दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन आणि समन्वय शाखा, म्हणजे डब्ल्यूपीसी करते. हे नियम राज्य बदललं म्हणून बदलत नाहीत. गोंदियाची नाटक कंपनी शेजारच्या बालाघाटला किंवा राजनांदगावला गेली, तरी नियम तेच.

मग आता असं काय बदललं?

बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच कॉर्डलेस माइक 'यूएचएफ' म्हणून विकले जातात. यूएचएफ हा ३०० ते ३,००० मेगाहर्ट्झ एवढा प्रचंड मोठा पट्टा आहे. खोक्यावर फक्त 'यूएचएफ' लिहिलेलं असेल, तर त्यावरून काहीच कळत नाही. पत्त्यावर नुसतं 'विदर्भ' लिहिण्यासारखं आहे ते.

यातल्या अनेक संचांची फ्रिक्वेन्सी ७०० ते ८०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान असते. भारतात याच पट्ट्यातल्या ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ या दोन जागा मोबाइलसाठी ठरवल्या आहेत. पहिल्या जागेवर फोन टॉवरशी बोलतो, दुसऱ्या जागेवर टॉवर फोनशी.

हा '७०० बँड' सरकारनं २०१६ साली लिलावात काढला, पण कुणी घेतला नाही. २०२१ मध्येही तेच झालं. त्यामुळे तिथे चालणारे माइक बिनबोभाट चालत राहिले. २०२२ च्या लिलावात चित्र पालटलं. रिलायन्स जिओनं देशातल्या सर्व २२ दूरसंचार परिमंडळांत ७०० बँडमध्ये जागा विकत घेतली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला देशात ५जी सेवा सुरू झाली. जून २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं बीएसएनएललाही ७०० बँडमध्ये जागा दिली.

हा बँड कंपन्यांना हवा असतो, कारण कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि भिंती, झाडं यांतून जास्त आत शिरतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावसारख्या जंगलपट्ट्यात, जिथे टॉवर दूरदूर असतात, तिथे तो विशेष उपयोगी.

म्हणजे २०१९ मध्ये घेतलेला आणि तेव्हा झकास चालणारा माइक आज खरखरत असेल, तर माइक बिघडला असेलच असं नाही. त्याची रिकामी जागा आता भरली असू शकते.

हे फक्त आपल्याकडेच झालं का?

नाही. अमेरिकेत ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झमध्ये वायरलेस माइक वापरायला १२ जून २०१० पासून बंदी आहे. तिथे ही जागा मोबाइल कंपन्यांना आणि पोलीस, अग्निशमन यांच्या संपर्कासाठी दिली गेली. नंतर ६०० मेगाहर्ट्झमधली बरीच जागाही गेली आणि जुलै २०२० पासून तिथलेही माइक बंद करावे लागले. चर्च, शाळा, नाटक मंडळ्या, सगळ्यांना संच बदलावे लागले.

माझ्या छोट्याशा माइकनं टॉवरला काय फरक पडणार?

रास्त प्रश्न आहे. माइकची ताकद साधारण काही मिलीवॅट ते काही दहा मिलीवॅट असते. टॉवर त्याच्या कितीतरी पट ताकदीचा. त्यामुळे बहुतेक वेळा त्रास माइकलाच होतो.

पण उलटंही होऊ शकतं. टॉवर नुसता बोलत नाही, ऐकतोही. चार-पाच किलोमीटरवरच्या फोनचा संदेश टॉवरपर्यंत पोचतो तेव्हा तो अतिशय क्षीण झालेला असतो. माइक नेमका ७०३ ते ७४८ च्या जागेत असेल आणि टॉवर मैदानाला लागूनच असेल, तर टॉवरला दूरचे फोन ऐकणं अवघड जाऊ शकतं. गावात एकच टॉवर, रात्रीची वेळ, नाटकाला हजारोंची गर्दी, आणि त्याच वेळी कुणाला १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२ ची मदत हवी असेल, तर हा अडथळा कुठे बसतो ते लक्षात येईल. प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही. पण ज्यांनी ती जागा रीतसर घेतली आहे, त्यांच्या वाटेत आपण यायचं नाही, या नियमामागचं कारण हे आहे.

गोंदियात आणखी एक गोष्ट आहे. बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. शिकाऊ वैमानिक नियंत्रण कक्षाशी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात. स्वस्तातले 'एफएम माइक' ८८ ते १०८ मध्ये चालतात. ही जागा एफएम प्रसारणाची आहे आणि तिच्या लगेच वर विमानांसाठीचा पट्टा सुरू होतो. सुमार दर्जाचा ट्रान्समीटर आपल्या ठरलेल्या जागेबाहेरही लहरी सांडतो. म्हणून असे माइक टाळलेलेच बरे.

पोलिसांची परवानगी घेतली, मग आणखी काय?

इथे बऱ्याच मंडळांची गल्लत होते. कार्यक्रमासाठी पोलिसांकडून मिळते ती ध्वनिक्षेपकाची परवानगी. ती ध्वनिप्रदूषण नियम, २००० खाली असते. आवाज किती आणि किती वाजेपर्यंत, एवढंच ती सांगते. माइक कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, याच्याशी तिचा संबंध नाही.

रेडिओ उपकरणांचा कायदा वेगळा आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी संदेश कायद्यानुसार परवान्याशिवाय असं उपकरण जवळ बाळगणंही गुन्हा ठरत होतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत मंजुरीचं तत्त्व कायम ठेवलं आहे. या नव्या कायद्याची कलमं २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत.

मग प्रत्येक माइकला परवाना काढायचा का? नाही. सरकारनं काही पट्टे परवानामुक्त केले आहेत. तिथे ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत कुणीही उपकरण वापरू शकतं. मात्र त्या उपकरणाच्या नमुन्याला डब्ल्यूपीसीची 'ईटीए' ही मान्यता असावी लागते. ती उत्पादक किंवा आयातदारानं घ्यायची असते. ग्राहकानं फक्त ती आहे का, हे विचारायचं.

कुठली फ्रिक्वेन्सी चालेल, कुठली नाही?

• २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ: परवानामुक्त. रील्ससाठी फोनला जोडतात ते छोटे कॉलर माइक बहुतेक इथेच चालतात. अडचण एवढीच की वायफाय आणि ब्लूटूथही इथेच आहेत. शिवाय या लहरी माणसांच्या गर्दीत लवकर शोषल्या जातात.

• ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ: परवानामुक्त. २००५ मध्ये ८६५ ते ८६७ खुलं झालं, २०२१ मध्ये ते ८६८ पर्यंत वाढलं. एका वाहिनीची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंतच हवी. लहरी २.४ पेक्षा गर्दीत बऱ्या टिकतात. मात्र ८६९ पासून मोबाइल टॉवरची जागा सुरू होते, म्हणून रिसिव्हर टॉवरच्या अगदी जवळ ठेवू नये.

• ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झ: युरोपात माइकसाठी खुलं. भारतातला परवानामुक्त पट्टा मात्र ८६५ पासून सुरू होतो. परदेशातून आणलेला संच इथे फसतो.

• ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ: अमेरिकेत परवानामुक्त. आपल्याकडे ८९० ते ९१५ या जागेवर मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. भारतात हा संच नको.

• ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ: मोबाइलची जागा. नको.

• ४७० ते ६९८ मेगाहर्ट्झ: ही मुळात टीव्ही प्रसारणाची जागा. दूरदर्शननं जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बहुतेक बंद केल्यानं इथे शांतता जाणवते. पण जागा शांत असली म्हणून ती परवानामुक्त होत नाही. शिवाय ६०० बँड २०२२ च्या लिलावात होता, फक्त कुणी घेतला नाही. ७०० चंही आधी असंच झालं होतं. आज हजारो रुपये घालून ६०० मधला संच घेतला, तर काही वर्षांत तीच वेळ पुन्हा येऊ शकते.

विकणाऱ्याची काही जबाबदारी आहे की नाही?

आहे. २०२५ मध्ये ऑनलाइन बाजारात विनामान्यता वॉकीटॉकी सर्रास विकल्या जात असल्याचं समोर आल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या. पाठोपाठ वॉकीटॉकीसह रेडिओ उपकरणांच्या बेकायदा विक्रीबाबत मार्गदर्शक सूचनाही काढल्या. उपकरण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतं आणि त्याला मान्यता आहे का, हे ग्राहकाला विकत घेण्याआधी कळलं पाहिजे, हा त्यामागचा मुद्दा आहे.

तो माइक घेतानाही लागू करा. फ्रिक्वेन्सीचा आकडाच दिलेला नसेल, तर तो माइक घेऊ नका.

साउंडवाले, बिछायत केंद्रं आणि मंडळांनी काय करावं?

१. रिसिव्हरच्या मागचं लेबल किंवा समोरचा आकडा वाचा. वरच्या यादीत तो कुठे बसतो ते पाहा.

२. कार्यक्रमाआधी सगळे माइक बंद ठेवून फक्त रिसिव्हर चालू करा. सिग्नलची पट्टी तरीही वर गेली, तर तिथे आधीच कुणीतरी आहे. चॅनेल बदला.

३. अनेक माइक असतील तर फ्रिक्वेन्सी समान अंतरावर लावू नका. दोन माइक मिळून तिसरीच फ्रिक्वेन्सी तयार करतात. उदाहरणार्थ ८६५.२ आणि ८६६.० या दोघांमुळे ८६६.८ वर खोटा सिग्नल उभा राहतो. तिसरा माइक नेमका तिथेच असेल तर तो खरखरणारच. त्याऐवजी ८६५.२, ८६५.८ आणि ८६६.९ अशी असमान अंतरं ठेवा.

४. रिसिव्हर मंचाजवळ, उंचावर आणि माइक दिसेल असा ठेवा. गर्दीच्या मागे मिक्सरशेजारी ठेवला, तर मधली माणसं लहरी अडवतात. २.४ चा संच असेल तर त्याच्याजवळ मोबाइल हॉटस्पॉट चालू ठेवू नका.

५. जिथे हालचाल नाही तिथे तारेचाच माइक वापरा. भाषणाचा स्टँड, पेटी-तबला, निवेदकाचं टेबल यांना कॉर्डलेसची गरज नाही. कॉर्डलेस जितके कमी, तितकी उरलेल्यांना जागा जास्त.

६. यात्रेत हरवलेल्या मुलांची घोषणा किंवा गर्दीला सूचना देण्याचं काम कॉर्डलेसच्या भरवशावर सोडू नका. तिथे तारेचा एक माइक कायम जोडलेला हवा.

जुना ७०० चा संच घरात असेल तर तो दुसऱ्या गावच्या मंडळाला स्वस्तात विकू नका, कारण त्याबरोबर अडचणही विकली जाते. आणि नवा घ्यायला दुकानात गेलात तर रंग, रेंज, बॅटरी याआधी एकच प्रश्न विचारा: हा कितीवर चालतो?

तुमच्या गावच्या साउंडवाल्यापर्यंत ही माहिती पोचवा. मंडईच्या सीझनआधी त्याला ती उपयोगी पडेल.