पाच दिवसांचे नेतृत्व

नेतृत्व ही वस्तू आता पाच दिवसांत मिळू लागली आहे. सोमवारी सकाळी नावाचा बिल्ला छातीवर लावायचा, शुक्रवारी सायंकाळी प्रमाणपत्र हाती घ्यायचे आणि पुढल्या सोमवारी हाताखालच्या माणसांसमोर नेता म्हणून उभे राहायचे. व्यवस्थापन संस्थांच्या या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांना कंपन्या आपल्या मधल्या फळीतील अधिकाऱ्यांना हौसेने धाडतात. आमच्या सिल्व्हर पार्कातून रोज सकाळी मीरा रोड स्थानक गाठणाऱ्या अशाच एका अधिकाऱ्याने, माझ्या माजी विद्यार्थ्याने, परतल्यावर अभ्यासक्रमाची जाडजूड फाईल मला दिली. ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली. निवृत्त माणसाला वेळ असतो.

ऐकून कसे घ्यावे, वाटाघाटी कशा कराव्यात, बदलाला होणारा विरोध कसा हाताळावा, यावर तीत पुष्कळ मजकूर आहे आणि त्यातील काही खरोखर उपयोगाचा आहे. मात्र या नेत्याला नेतेपद दिले कोणी, हा प्रश्न एकाही पानावर नाही. ज्यांनी मागे चालायचे त्यांनी त्याला निवडलेले नाही. त्यांना तो बदलताही येत नाही. गावच्या सरपंचाला जे बंधन आहे, तेही येथे नाही. अशा अधिकाराला आपल्या भाषेत हुकमत म्हणतात. हुकमतीला नेतृत्व हे नाव दिले, की कामगाराचा विरोध हा हितसंबंधांचा झगडा राहत नाही, तो त्याच्या मनोवृत्तीतला दोष ठरतो. फाईलमधील एका उदाहरणात कारखान्याचा एक विभाग बंद करायचा आहे. चर्चेचा प्रश्न काय, तर ही बातमी कामगारांना सांगावी कशी! विभाग बंद करावा की नाही, हे चर्चेला नाहीच.

याची फी कोण भरते? कंपनी भरते, असे उत्तर येईल. परंतु ती धंद्याचा खर्च म्हणून दाखवली जाते आणि कंपनीकराचा दर पंचवीस टक्क्यांच्या आसपास धरला, तर शंभरातील पंचवीस रुपये सरकारी तिजोरीतून गेले असेच म्हणावे लागेल. सरकार स्वतः मात्र याला करमुक्त शिक्षण मानत नाही. भारतीय व्यवस्थापन संस्थांचे पदवी न देणारे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम वस्तू व सेवा करास पात्र आहेत, असे २०१९ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले; हा कर १८ टक्के आहे. अर्थखात्याने नकळत खरे सांगून टाकले!

दुसऱ्या बाजूला कामगाराच्या शिक्षणाची सोय पाहा. १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नागपूरला होते. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत पॉलिश करणाऱ्या किती कामगारांनी त्याचे नाव ऐकले असेल? शंभर वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत मालक व कामगार यांच्या कार्यसमितीची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर कलम ४३-अ घालून व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग साधण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली. (ती दुरुस्ती आणीबाणीतली, म्हणून हे कलम टाकाऊ ठरत नाही.) त्यासाठीचे विधेयक १९९० मध्ये राज्यसभेत आले, त्याचा कायदा झाला नाही. त्याच १९७६ साली पश्चिम जर्मनीने दोन हजारांवर नोकर असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना कायद्याने दिल्या. तेथील उद्योग काही बुडाला नाही.

यावर कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचा दाखला दिला जातो. तो बंद कारखाना १९८८ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवायला घेतला आणि पुढे तो प्रयोग टिकला नाही. खरे आहे. पण त्यावरून कामगाराला कारभार जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी, मालकाच्या हाती असताना तो कारखाना बंद कसा पडला, हेही सांगावे. कारभार शिकावा लागतो, खेळते भांडवल उभारावे लागते, ताळेबंद वाचता यावा लागतो. हे मला मान्य आहे, किंबहुना तेच माझे म्हणणे आहे.

तेव्हा कामगार संघटनांनी येत्या वेतनकरारांत एक कलम घालावे: असा अभ्यासक्रम करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याबरोबर कार्यसमितीवरील एक कामगार त्याच वर्गात, कंपनीच्या खर्चाने आणि भरपगारी रजेवर पाठवला जाईल. शिकवणे त्याला कळेल अशा मराठीत असावे. विभाग बंद करण्याच्या त्या उदाहरणावर मग कशी चर्चा होते, हे ऐकायला मी पदरची फी भरून मागच्या बाकावर बसेन.