नायलॉनची तार आणि यत्नाचार

घरात नवे वाद्य आले की ते कितीला पडले, हा प्रश्न बहुतेक घरांत प्रथम विचारला जातो. जैन घरात त्याच्याही आधी दुसरा एक प्रश्न येतो : हे कशाचे केलेले आहे? तबल्याचे चामडे, पेटीच्या भात्याच्या कोपऱ्यांवरील चामड्याच्या पट्ट्या, सारंगीची तात यांविषयी जुन्या पिढीने हा प्रश्न विचारला आणि आपापल्या विवेकाने त्याचे उत्तरही शोधले. कोल्हापुरात आता गिटार शिकणारी मुले-मुली अनेक आहेत. त्यांतील काहींच्या कानांवर मोबाइलमधून स्पेनचे फ्लामेंको पडते आणि पोलादी तारांच्या गिटारीऐवजी मऊ तारांची गिटार घरी येते. अशा वेळी आजीने त्या पारदर्शक तारेवर बोट ठेवून ‘ही तात तर नव्हे ना?’ असे विचारले, तर नातवाला उत्तर देता आले पाहिजे.

उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र फार जुन्या काळापासून ते तसे नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या गिटारीच्या बारीक आवाजाच्या तीन तारा मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या तातीच्या असत, आणि जाड आवाजाच्या तीन तारांच्या गाभ्यात रेशमाचे धागे घालून त्यांवर धातूची बारीक तार गुंडाळलेली असे. म्हणजे सहा तारांपैकी तिघींच्या पोटात पशूचे आतडे आणि उरलेल्या तिघींच्या पोटात रेशमाच्या किड्यांचा जीव. अहिंसाणुव्रत पाळणाऱ्या घराला यातील एकही तार निर्दोष म्हणता आली नसती.

हे चित्र पालटले ते युद्धामुळे. अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या संशोधनातून १९३५ मध्ये नायलॉन तयार झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तातीची मागणी वाढली आणि वादकांना चांगली तात मिळेनाशी झाली. न्यूयॉर्कमधील वाद्यकारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा करून पाहिल्या, आणि जगप्रसिद्ध स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या. रेशमाच्या गाभ्याची जागाही नायलॉनच्या बारीक तंतूंनी घेतली. करुणेच्या पोटी कोणी हा बदल घडवला नाही. टंचाईच्या पोटी घडला. पण त्याचा लाभ करुणेला झाला, हे नाकारता येत नाही.

हा प्रश्न परक्या वाद्यांपुरता नाही. कोल्हापुरापासून सुमारे ५० किलोमीटरवरील मिरज तंतुवाद्यांसाठी देशभर ओळखली जाते. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे सतार-तंबोऱ्याचा व्यवसाय उभा केला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांच्या तारा धातूच्या असल्याने तेथे तातीचा प्रश्न येत नाही. मात्र तारा ज्या घोडीवरून जातात ती पूर्वी हरणाच्या शिंगाची किंवा हस्तिदंताची करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी तो व्यापार बंद केला. आता उंटाचे हाड, लाकूड आणि कृत्रिम पदार्थ वापरले जातात. तंबोऱ्याच्या तारा खाली लंगोटात अडकवतात, त्यांत मणी ओवतात आणि घोडीवर तारेखाली एक दोरा सरकवतात. तो दोरा जागेवर बसला की तंबोरा बोलू लागतो. तार कशी अडकवली आहे यावर वाद्याचे आयुष्य आणि नाद दोन्ही अवलंबून असतात, हे मिरजेच्या कारागिराला सांगावे लागत नाही.

गिटारीत लंगोट नाही. तिची घोडी, म्हणजे ब्रिज, वाद्याच्या तबलीवर सरसाने चिकटवलेली असते आणि नायलॉनच्या तारा तिलाच बांधाव्या लागतात. सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४० किलोग्रॅम भरतो. फ्लामेंको हे दक्षिण स्पेनमधील अंदालुसिया प्रांतातील गायन-नृत्य-वादन. त्यात वादक बोटे झपाट्याने उलगडत सर्व तारांवर आघात करतो आणि मध्येच तबलीवर टिचकी देतो. गिटारीची तबली पातळ असते आणि तारा तिच्या अगदी जवळून जातात. अशा वादनात कच्ची गाठ टिकत नाही.

नायलॉनची अडचण अशी की ते गुळगुळीत असते आणि ताणले की लांबते. सर्वांत बारीक तार, जिची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर असते, तीच सर्वाधिक निसटते. निसटताना तिचे टोक चाबकासारखे फिरते आणि घोडीमागच्या तबलीवर खोल ओरखडा उमटवते. अनेक गिटारींवर घोडीमागे असे डाग दिसतात. तो व्रण नंतर भरून निघत नाही. म्हणून तार बांधताना घोडीच्या मागे जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा ठेवावा. लग्नपत्रिका घेऊ नये. तिच्यावर बहुधा णमोकार मंत्र किंवा जिनप्रतिमा छापलेली असते.

बांधण्याची रीत अशी. घोडीवर पुढच्या बाजूला एक पांढरी पट्टी असते, जिच्यावर तारा टेकतात; तिच्यामागे सहा भोके असलेला लाकडी ठोकळा असतो. तार पट्टीच्या बाजूने भोकात घालून मागे काढावी आणि बोटभर लांब टोक बाहेर घ्यावे. ते टोक ठोकळ्यावरून पुन्हा पुढे आणून, पट्टी व ठोकळा यांच्यामधल्या जागेत, त्याच तारेच्या खालून फिरवावे. मग टोक परत मागे वळवून ठोकळ्यावर आडव्या पडलेल्या फेऱ्याखाली खोचावे. जाड तारांना एकदा खोचणे पुरते. बारीक तीन तारांना दोन किंवा तीन वेळा पीळ द्यावा.

यातील एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. शेवटची खोच ठोकळ्याच्या माथ्यावर राहता कामा नये. ती मागील कडा ओलांडून ठोकळ्याच्या पाठीवर उतरली पाहिजे. तेथे तार खेचली गेली की फेरा टोकाला लाकडावर दाबून धरतो. ताण जितका वाढेल तितकी पकड वाढते. माथ्यावर राहिलेल्या टोकाला हा दाब मिळत नाही आणि ते हळूहळू सरकते. धोतराचा काष्टा ज्यांनी रोज खोचला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. काष्ट्याला गाठ नसते. योग्य जागी खोचल्यामुळेच तो दिवसभर टिकतो.

खुंटी पिळण्यापूर्वी दोन्ही बाजू हाताने ओढून फेरा घट्ट बसवावा. मग खुंटी सावकाश फिरवताना दुसऱ्या हाताचे बोट शेवटच्या खोचेवर ठेवावे. सर्वांत बारीक तारेच्या टोकाला आधीच एक साधी गाठ मारून ठेवली तर तार सरकली तरी तेथे अडकते. काही जण टोक उदबत्तीच्या निखाऱ्याला लावून त्याचा मणी करतात. अग्निकायाची विराधना टाळायची असेल त्याने गाठीवरच भागवावे. काम तितकेच होते. काही घोड्यांना प्रत्येक तारेसाठी दोन भोके असतात. तेथे तार दुसऱ्या भोकातून ओवल्याने पकड अधिक सरळ बसते. सर्व तारा एकदम काढण्यापेक्षा एकेक बदलणे बरे, म्हणजे तबलीवरचा ताण अचानक उतरत नाही. नवी तार पहिले काही दिवस लांबत राहते आणि सूर उतरत राहतो. तो गाठीचा दोष समजून ती पुन्हा पुन्हा सोडू नये. सूर लावत राहावा.

एक चूक मात्र वाद्याचा घात करते. नायलॉनची तार वारंवार निसटते म्हणून वैतागून काही जण या गिटारीला पोलादी तारा लावतात. त्यांचा ताण बराच अधिक असतो. या गिटारीची रचना तो पेलण्यासाठी केलेली नाही. तबली फुगते, घोडी उखडते आणि काही हजार रुपयांचे वाद्य निकामी होते. गाठ शिकण्याचा आळस असा महागात पडतो.

तार नायलॉनची आहे एवढ्यावर जमाखर्च मात्र पुरा होत नाही. खतावणीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. घोडीवरील ती पांढरी पट्टी अनेकदा बैलाच्या हाडाची असते, आणि चांगल्या गिटारीचे लक्षण म्हणून तसे अभिमानाने सांगितलेही जाते. कृत्रिम पदार्थाच्या पट्ट्या मिळतात. त्या बसवून घेता येतात. खरेदीच्या वेळी विचारले तर दुकानदार सांगतो. न विचारता घेतले तर त्या अज्ञानाची जबाबदारी घेणाऱ्याचीच.

नायलॉन कुजत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पतंगाच्या नायलॉन मांजाने पक्ष्यांचे पंख आणि पाय कापले जातात म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. गिटारीची तार बांधून झाल्यावर कापलेली टोके आणि काढलेली जुनी तार हा त्याच जातीचा पदार्थ आहे. तो गच्चीवरून, खिडकीतून किंवा रंकाळ्याच्या काठी फेकला तर कबुतराच्या, बगळ्याच्या पायात अडकण्याचा संभव असतो. जी तार मेंढीला वाचवते तीच निष्काळजी हातातून पक्ष्याच्या पायातील बेडी होते. म्हणून तुकडे बारीक कापून, कागदात गुंडाळून, सुक्या कचऱ्यात टाकावेत. बाहेर राहिलेले टोकही एक सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नये. ते तबलीला लागले तर खरखर ऐकू येते, आणि एका तारेचे टोक शेजारच्या तारेच्या फेऱ्याखाली दाबून ठेवले तर तेही नीट बसते.

गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत पहिला ‘बंध’ आहे. मुक्या जनावराला जखडून बांधणे हा तो दोष. गोठ्यातील दावे जनावराला काचणार नाही आणि प्रसंगी चटकन सुटेल असे असावे, हा त्यामागचा विवेक. तार निर्जीव आहे, तिला काच नाही. तरीही चांगल्या गाठीची कसोटी तीच आहे. घोडीची ही गाठ चाळीस किलोच्या ताणात हालत नाही, आणि खुंटी सैल केली की दोन बोटांनी सुटते. जी गाठ कापूनच काढावी लागते ती चुकीची बांधली असे समजावे.

आजीच्या प्रश्नाला ‘ही तात नव्हे, नायलॉन आहे’ हे उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. तार कशाची आहे हे कारखान्याने ठरवले. पट्टी कशाची घ्यायची, गाठ कशी बांधायची आणि उरलेला तुकडा कोठे टाकायचा, हे घरातल्या मुलाच्या हातात आहे. चालताना, बोलताना, वस्तू उचलताना व ठेवताना जपून वागावे, असे आपल्या आचारात सांगितले आहे; त्यालाच यत्नाचार म्हणतात. पुढच्या वेळी तार बदलताना नातवाने आजीला शेजारी बसवावे आणि पुठ्ठा धरायला द्यावा. कापलेले तुकडे मोजून कागदात गेले, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की त्या घरात गिटारीविषयी पुन्हा शंका उरणार नाही.