समुद्रकिनारी दहा गुंठे

आमच्या चाकण पट्ट्यात पूर्वी माणूस भेटला की विचारायचा, "यंदा कांदा किती पिशव्या?" आता विचारतो, "कोकणात घेतलं का नाही?" ज्यानं घेतलं तो खिशातून मोबाइल काढून समुद्र दाखवतो. ज्यानं नाही घेतलं तो "बघतोय, बघतोय" म्हणत मान खाली घालतो. लग्नाच्या मांडवात हाच विषय, दशक्रियेच्या घाटावरही हाच. मी हे बाहेर उभं राहून नाकं मुरडत लिहीत नाही. मीसुद्धा विसार देऊन बसलो होतो. म्हणूनच चार शब्द बोलतो.

आधी हा पैसा आला कुठून ते सांगितलं पाहिजे. आमचं गाव खेड तालुक्यात, म्हाळुंग्याच्या अंगाला. एमआयडीसीच्या नोटिसा निघायच्या आधी आमच्याकडे दलाल आले. गोड बोलायचे, चहाला नाही म्हणायचे नाहीत. वडिलांना म्हणाले, "आबा, माळ आहे, कुसळं उगवतात. पोरं शिकली, नोकरीला लागली. काय करता ठेवून?" कुणाच्या घरात दवाखाना होता, कुणाच्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. लोकांनी सह्या केल्या. पुढं त्याच माळाचा भाव ऐकून म्हातारी माणसं रात्र रात्र जागी राहिली. आमचं थोडं त्यात गेलं, थोडं संपादनात. वडील शेवटपर्यंत एकच म्हणायचे, "मला कुणी इचारलंच न्हाय." त्यांच्या रागाचा विषय पैशाचा नव्हताच.

त्या मोबदल्यातून आम्ही खोल्या बांधल्या, भाड्यानं दिल्या, गाड्या घेतल्या. आणि उरलेला पैसा घेऊन मी ताम्हिणी उतरलो. निजामपूर, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धन तालुक्यात गेलो. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या तिथंही प्लॉटचे बोर्ड लागतील. एका टेकाडावर दलालानं गाडी थांबवली. खाली खाडी, पलीकडे समुद्र. खोटं कशाला बोलू, बघून जीव गार झाला. तेवढ्यात तो म्हणाला, "कातळ आहे साहेब, गवताशिवाय काही उगवत नाही. गावातली पोरं सगळी मुंबईला. काय करणार ठेवून?"

शब्द तेच. बदलला होता तो फक्त ऐकणारा. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला ते खटकलं नाही. मी विसार दिला.

दलाल आपल्या मागं का लागतो तेही समजून घ्या. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शहरातल्या बड्या साहेबाला जी अडचण येते ती आपल्याला येत नाही, कारण आपल्याकडे अजून कुठंतरी पाच-दहा गुंठ्यांचा सातबारा शिल्लक आहे. आपल्या बापजाद्यांच्या शेतकरीपणाचा दाखला आपण दुसऱ्या शेतकऱ्याची जमीन काढून घ्यायला वापरतो.

कोकणचा सातबारा आपल्यासारखा नसतो. तिथं खोती होती. 1949 च्या कायद्यानं ती गेली, पण कुळं, वहिवाट, भाऊबंदकी यांचा गुंता कागदावर राहिला. एकेका गटावर पंधरा-वीस नावं. कुणी गावात, कुणी परळला, कुणी वारलेला आणि वारस लागलेले नाहीत. दलाल त्यातल्या चार जणांच्या सह्या घेतो आणि बाकीचं "होऊन जाईल" म्हणतो.

माझ्या बाबतीत ते झालं नाही. एका संध्याकाळी कंपनीच्या युनिफॉर्ममधला एक माणूस दारात आला. भोसरीत कामाला, सेकंड शिफ्टला निघालेला. हातात सातबाऱ्याची झेरॉक्स. म्हणाला, "दादा, माझं नाव सातव्या नंबरला आहे. मला कुणी विचारलं नाही." भांडण नाही, आवाज नाही. पाणीसुद्धा उभ्यानं प्यायला, कारण बस चुकली असती. "गणपतीला आम्ही सगळे त्याच घरी जमतो," एवढं मात्र जाताना बोलला.

तो गेला आणि मला माझा बाप आठवला. मी व्यवहार मोडला. विसारातले निम्मे पैसे बुडाले. घरात सहा महिने बोलणी खाल्ली. ते पैसे मी माझ्या शिक्षणाच्या खर्चाला टाकले.

आता तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे. "आपण जबरदस्ती करत नाही. तो विकतो, आपण घेतो. त्यालाही पैसा लागतो." अहो, आपणही विकलंच होतं की! आपल्या अंगठ्यावर कुणी पाय दिला नव्हता. तरी आजही चौकात बसून "आम्हाला फसवलं" असं आपणच म्हणतो ना? मग आपल्या वेळी जी फसवणूक होती ती श्रीवर्धनला, दापोलीला, गुहागरला गेल्यावर एकदम गुंतवणूक कशी होते?

बरं, घेऊन करतो काय? चिऱ्याची भिंत घालतो, लोखंडी गेट लावतो. त्या भिंतीत गावाची पाखाडी अडकते. पिढ्यान्पिढ्या कोळणी ज्या वाटेनं टोपली घेऊन जायच्या, तिथं "खाजगी मालमत्ता" असा बोर्ड येतो. मग बोअर घेतो. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या कोकणात एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात, हे आपल्याला दिसत नाही. आपण डिसेंबरात जातो. वर्षातले दहा-बारा दिवस. बाकी दिवस बंगल्याला कुलूप.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ त्याच किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड उभं राहून फळ द्यायला वर्षं जातात. घरांची छपरं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. त्या वेळी आमच्याकडचे बंगलेवाले काय करत होते, मला माहीत आहे. राखणदाराला फोन लावत होते. लागला की पहिला प्रश्न, "आपले पत्रे आहेत ना जागेवर?" त्याच्या स्वतःच्या घराचं काय झालं, हे विचारणारा मला तरी एकही भेटला नाही. मीही तेव्हा विसार दिलेला होता. मीही माझ्या कातळाचंच विचारलं.

कोकणात जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जरूर जा. वल्लभनगरच्या स्टँडवरून एसटी आहे. गावातल्या घरी उतरा, त्यांच्या हातचं जेवा, मागतील तेवढे पैसे द्या, घासाघीस करू नका. बागमांडल्याला फेरीत बसून पलीकडं जा. आणि घ्यायचंच असेल तर राहायला घ्या. सातबाऱ्यावरच्या शेवटच्या नावापर्यंत जा, मग ते नाव परळला असो नाहीतर भोसरीला. वाट मोकळी ठेवा. विहिरीवर आपली पाळी शेवटची धरा. एवढं जमत नसेल तर पैसा बँकेत ठेवा. तिथं निदान कुणाचा गणपती बसत नाही.

आमच्या माळावर आज मोटारी तयार होतात. त्याच मोटारी शनिवारी ताम्हिणी उतरतात. आत बसलेला माणूस आपल्या बापाचं बोलणं विसरला नसेल, तर त्यानं टेकाडावर गाडी थांबवल्यावर दलालाला एकच विचारावं : बाकीची नावं कुठं आहेत?